वसईचा व्यापारी, नागासाकीचा रक्तसाक्षी
संत गोन्सालो गार्सिया यांच्या जीवनावर एक चिंतन



आपल्या मराठवाड्यात जालन्याविषयी एक जुनी म्हण आहे. जालना म्हणजे सोन्याचा पाळणा, असे जुनी माणसे अभिमानाने सांगत आली. कापसाची बाजारपेठ, मोसंबीच्या बागा, बियाण्यांचे उद्योग, लोखंडी सळयांचे कारखाने या सर्वांनी ती म्हण खरी ठरविली. गेल्या काही वर्षांत या पाळण्याला बदनापूरच्या बाजूने आणखी एक हेलकावा मिळाला. नागपूर-मुंबई असा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग आपल्या जिल्ह्यातून गेला. जालन्याजवळ ड्रायपोर्टचे, म्हणजे समुद्राविना बंदराचे, काम सुरू झाले. ज्या कोरडवाहू जमिनीत पावसाची वाट पाहत कपाशी आणि तूर घ्यायची, त्या जमिनीचा भाव कोणी स्वप्नातही पाहिला नव्हता इतका वाढला. अनेकांच्या खात्यात आयुष्यात प्रथमच मोठी रक्कम जमा झाली.

त्या पैशातून पुष्कळांचे भले झाले, हे आम्ही आनंदाने नमूद करतो. कोणी मुलीला नर्सिंगला घातले, कोणी पक्के घर बांधले, कोणी दुसरीकडे बागायती जमीन घेतली. पण बदनापूर परिसरातील घरभेटींच्या वेळी आम्ही दुसरेही चित्र पाहिले आहे. एका घरात दोन सख्खे भाऊ राहतात. वडिलोपार्जित जमिनीच्या मोबदल्याची वाटणी झाली आणि एकाला वाटले की आपल्या वाट्याला कमी आले. आज एका भिंतीच्या दोन बाजूंना दोन चुली आहेत, दोन मोटारसायकली आहेत आणि न्यायालयात एक दावा आहे. वृद्ध आई पंधरा दिवस एकाकडे आणि पंधरा दिवस दुसऱ्याकडे जेवते. धाकट्या भावाने आम्हांस विनंती केली की फादर, तुम्ही थोरल्याला सांगा आणि माझा हिस्सा मिळवून द्या. आईने काही मागितले नाही. निघताना तिने एवढेच विचारले की ईस्टरला दोघे एका पंगतीत बसतील का.

त्या भेटीनंतर थोड्याच दिवसांनी फेब्रुवारीचा पहिला आठवडा आला. त्या आठवड्यात ख्रिस्तसभा नागासाकीच्या २६ रक्तसाक्षींचे स्मरण करते. त्यांतील एक आपल्या महाराष्ट्राच्या मातीतला, वसईचा होता आणि एके काळी यशस्वी व्यापारी होता. संत गोन्सालो गार्सिया यांच्या रक्तसाक्ष्याविषयी आपण प्रवचने ऐकतो, मात्र त्यांनी सोडून दिलेल्या व्यापाराविषयी फारसे बोलत नाही. बदनापूरच्या त्या घरातून परतल्यावर आम्हांस त्यांच्या जीवनाचा तोच भाग पुन्हा वाचावासा वाटला.

वसईतील बालपण

वसई १५३४ साली गुजरातच्या सुलतानाकडून पोर्तुगीजांच्या ताब्यात आली आणि पाहता पाहता श्रीमंत झाली. जहाजबांधणी, इमारती लाकूड आणि समुद्री व्यापार यांच्या बळावर किल्ल्याच्या आत दगडी वाडे आणि चर्चे उभी राहिली. संत फ्रान्सिस झेवियर यांचे पायही या भूमीला लागले होते. अशा नगरात १५५६-५७ च्या सुमारास गोन्सालो यांचा जन्म झाला. वडील पोर्तुगीज शिपाई आणि आई याच भूमीतली, असे परंपरा सांगते. किल्ल्यातील येशूसंघीय धर्मगुरूंच्या शाळेत ते शिकले. फादर सेबास्तियाँव गोन्साल्विस यांनी या मुलाच्या अंगची हुशारी आणि भक्ती ओळखली आणि त्याला आपल्या छायेखाली वाढविले.

वयाच्या पंधरा-सोळाव्या वर्षी, म्हणजे १५७२ च्या सुमारास, गोन्सालो येशूसंघीयांबरोबर जपानला गेले. त्या आधी वर्षभरच नागासाकीचे बंदर पोर्तुगीज जहाजांसाठी खुले झाले होते. वसईच्या या तरुणाने परकी आणि अवघड जपानी भाषा अल्पावधीत आत्मसात केली. सुमारे आठ वर्षे त्यांनी धर्मशिक्षक म्हणून काम केले. मुलांना धर्मशिक्षण द्यावे, धर्मगुरूंना साहाय्य करावे, लोकांच्या घरी जावे, हा त्यांचा दिनक्रम होता. लोकांचा त्यांच्यावर जीव जडला.

त्यांची एकच इच्छा होती. येशूसंघात प्रवेश मिळावा आणि संपूर्ण जीवन प्रभूला अर्पण करावे. ती पूर्ण झाली नाही. आशा लांबत गेली आणि अखेर त्यांनी ते काम सोडले.

भरभराट आणि रितेपण

येथून पुढे गोन्सालो व्यापारी झाले. मकाव आणि नागासाकी यांमधील व्यापार त्या काळी जगातील सर्वांत किफायतशीर व्यापारांपैकी एक होता. चीनचे रेशीम जपानला जात असे आणि जपानची चांदी चीनला येत असे. गोन्सालो यांना भाषा येत होती, माणसे ओळखीची होती आणि शब्दाला किंमत होती. व्यापाऱ्याला याहून अधिक भांडवल कोणते लागते? थोड्याच वर्षांत त्यांचा जम बसला आणि व्यवहार अनेक ठिकाणी पसरला. वसईहून रिकाम्या हाताने निघालेला मुलगा पूर्वेच्या समुद्रात प्रतिष्ठित व्यापारी म्हणून ओळखला जाऊ लागला.

या ठिकाणी आम्ही वाचकांना थोडे थांबण्याची विनंती करतो. गोन्सालो लोभी होते असे आम्ही म्हणत नाही, आणि व्यापार करणे पाप आहे असेही नाही. प्रामाणिक व्यापारी ही समाजाची गरज आहे, आणि गोन्सालो प्रामाणिक होते. त्यांच्यापुढील प्रश्न वेगळा होता. त्यांनी प्रथम मागितले होते ते प्रभूच्या घरातील स्थान. ते मिळाले नाही, तेव्हा त्या जागी व्यापार आला. मूळ भूक एका अन्नाची होती आणि ताटात दुसरेच अन्न पडत होते. ताट मोठे होत गेले, तरी भूक शमली नाही.

लोभाचा उगम पुष्कळदा येथेच असतो, असे आम्हांस वाटते. मनुष्य लोभी जन्मत नाही. त्याला काहीतरी हवे असते. वडिलांनी आपल्याला थोरल्याइतकेच मानावे, गावाने आपल्याला नाव ठेवू नये, म्हातारपणी कोणापुढे हात पसरावा लागू नये, अशा त्या साध्या मानवी इच्छा असतात. त्या पुऱ्या झाल्या नाहीत की मनुष्य त्यांच्या जागी पैसा ठेवतो आणि पैसा ती जागा भरू शकत नाही. मग त्याला वाटते की पैसा कमी पडला. तो आणखी मिळवितो. एकराचे दोन एकर होतात, दोनाचे दहा, तरी उणीव तेवढीच राहते. ती उणीव पैशाची नसतेच. लोभी मनुष्याला आपली भूकच ओळखता येत नाही, म्हणून त्याला कोठे थांबावे हे कळत नाही.

मनिला येथील निर्णय

गोन्सालो यांना मात्र आपली भूक ओळखता आली. व्यापाराच्या निमित्ताने ते फिलिपीन्समधील मनिलाला जात-येत. तेथे त्यांचा फ्रान्सिस्कन बंधूंशी परिचय झाला. हे अनवाणी चालणारे, पैशाला हात न लावणारे, कुष्ठरोग्यांची शुश्रूषा करणारे व्रतस्थ होते. ज्यांच्या नावाने त्यांचा संघ उभा राहिला, ते असिसीचे संत फ्रान्सिस स्वतः कापडाच्या श्रीमंत व्यापाऱ्याचे पुत्र होते आणि त्यांनी बापाची गादी सोडून दारिद्र्य पत्करले होते. एका व्यापाऱ्याची ही कथा दुसऱ्या व्यापाऱ्याच्या अंतःकरणाला भिडली असल्यास नवल नाही.

१५८० च्या दशकाच्या उत्तरार्धात गोन्सालो यांनी व्यापार सोडला आणि मनिला येथे फ्रान्सिस्कन संघात प्रवेश केला. ते धर्मगुरू झाले नाहीत. साधे व्रतस्थ बंधू म्हणून राहिले. ज्याच्या हुकमाने माल जहाजांवर चढत होता, तो आता दुसऱ्यांच्या आज्ञेत राहू लागला. ज्या दाराने एकदा नकार दिला होता, त्याच दारावर हट्टाने धडका न देता त्यांनी प्रभूने उघडलेले दुसरे दार स्वीकारले. त्या दारातून आत जाण्यासाठी त्यांनी मिळविलेले सर्व बाहेर ठेवले.

क्योटोतील सेवा

१५९३ साली फिलिपीन्सच्या स्पॅनिश गव्हर्नराने जपानचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याच्याकडे एक शिष्टमंडळ धाडले. फादर पेद्रो बाप्तिस्ता हे त्याचे प्रमुख होते. जपानी भाषा आणि जपानी माणूस दोन्ही जाणणारा दुभाषी हवा होता. असा मनुष्य मठातच होता. व्यापाराच्या दिवसांत कमावलेली ओळख आणि भाषा, जी सोडून दिली असे वाटले होते, तीच आता सेवेसाठी उपयोगी पडली. प्रभू मनुष्याच्या जीवनातील काही वाया जाऊ देत नाही.

शिष्टमंडळाला क्योटोत राहण्याची परवानगी मिळाली. १५९४ मध्ये तेथे पोर्सियुंकुलाच्या मातेच्या नावाने छोटे चर्च झाले. लवकरच त्याच्याजवळ रुग्णालयही उभे राहिले. ज्यांना घरच्यांनी टाकले होते असे कुष्ठरोगी तेथे येऊ लागले. बंधू गोन्सालो दरबारात हिदेयोशीपुढे बोलत आणि परत येऊन रोग्यांमध्ये वावरत. पूर्वी ते जपानच्या बंदरांत नफा मिळवीत होते. आता त्याच देशात ज्यांच्याकडून काहीच परत मिळणार नाही अशांना ते देत होते, आणि आपले पहिले मागणे त्यांना येथे मिळाले होते.

सोन्याची खोली

गोन्सालो यांच्यासमोर उभा होता तो हिदेयोशी. या दोन जीवनांची तुलना केल्याशिवाय आपला विषय पूर्ण होणार नाही.

हिदेयोशी हा गरीब घरातून आला. साधा पायदळातील मनुष्य आपल्या बुद्धीने आणि शौर्याने चढत चढत शतकाहून अधिक काळ यादवीने पोखरलेल्या जपानचा एकछत्री सत्ताधीश झाला. त्याच्या कर्तृत्वाला कोणी नाव ठेवू शकणार नाही. परंतु सर्व मिळाल्यावरही त्याला पुरेसे झाले नाही. चहापान ही जपानी संस्कृतीत साधेपणाची आणि नम्रतेची उपासना मानली जाते. हिदेयोशीने तिच्यासाठी भिंती, छत आणि खांब सोन्याने मढविलेली खोली बनवून घेतली. ती सुटी करून कोठेही नेता येत असे, आणि १५८६ साली त्याने ती सम्राटाच्या राजवाड्यात नेऊन दाखविली. चहाचा साधेपणा ज्याने जपानला शिकविला त्या सेन नो रिक्यू या आपल्या गुरूला त्याने १५९१ मध्ये प्राण देण्याची आज्ञा केली. पुढच्या वर्षी दीड लाखाहून अधिक सैन्य कोरियात धाडले, कारण त्याला चीनही जिंकावयाचा होता. त्या युद्धाने जपानची तिजोरी पोखरली आणि कोरियाची भूमी उजाड झाली.

सान फेलिपे जहाज

१५९६ च्या जुलैमध्ये सान फेलिपे नावाचे स्पॅनिश जहाज मौल्यवान मालाने भरून मनिलाहून मेक्सिकोकडे निघाले. वादळांनी त्याची वाताहत केली आणि ऑक्टोबरमध्ये ते जपानच्या शिकोकू बेटाच्या किनाऱ्याला येऊन रुतले. मालाची किंमत दहा लाख पेसोंहून अधिक होती. युद्धाने रिकाम्या होत चाललेल्या तिजोरीच्या धन्यासमोर हे घबाड आयते चालून आले. हिदेयोशीने सर्व माल जप्त केला. फादर पेद्रो बाप्तिस्ता यांनी खलाशांच्या वतीने रदबदली केली, तिचा उपयोग झाला नाही. त्यातच जहाजाच्या सुकाणूवाल्याने स्पेनच्या साम्राज्याविषयी बढाई मारल्याची आणि धर्मगुरूंमागून सैन्य येते असा अर्थ निघेल असे बोलल्याची वार्ता दरबारी पोहोचली. संशय आणि लोभ एकत्र आले. १५८७ सालचा परदेशी धर्मगुरूंना हद्दपार करण्याचा हुकूम कागदावर पडून होता, पण आता त्याहून कठोर आज्ञा निघाली. डिसेंबर १५९६ मध्ये बंधू गोन्सालो आणि त्यांच्या सोबत्यांना अटक झाली.

या रक्तसाक्ष्याला राजकारणाची अनेक कारणे होती, हे इतिहासकार सांगतात आणि ते खरे आहे. पण त्यात एका जहाजातील मालाचाही वाटा होता, हे आपण विसरू नये. ज्याने माल सोडला होता, त्याचा जीव दुसऱ्याच्या मालाच्या मोहात गेला. लोभ लोभी मनुष्याला तर दुःख देतोच, आणि ज्यांचा त्या व्यवहाराशी संबंध नाही अशा निष्पापांनाही त्याची किंमत मोजावी लागते. बदनापूरच्या त्या घरातील आई कोणत्याही वाटणीत नव्हती.

निशिझाकाची टेकडी

३ जानेवारी १५९७ रोजी क्योटोत चोवीस कैद्यांच्या डाव्या कानाचा तुकडा कापण्यात आला. नाक आणि दोन्ही कान कापावे अशी मूळ आज्ञा होती, एका अधिकाऱ्याने दया येऊन ती सौम्य केली. गाड्यांमधून त्यांची धिंड काढली गेली आणि मग ऐन हिवाळ्यात, बर्फातून, नागासाकीपर्यंत त्यांना नेण्यात आले. हा प्रवास सुमारे महिनाभर चालला. वाटेत आणखी दोघांची भर पडून ते सव्वीस झाले. त्यांत सहा फ्रान्सिस्कन, तीन जपानी येशूसंघीय आणि सतरा जपानी प्रापंचिक ख्रिस्ती होते. येशूसंघीयांमध्ये प्रभावी प्रवचनकार पॉल मिकी होते. सर्वांत लहान लुईस इबाराकी अवघा बारा वर्षांचा होता.

सहा फ्रान्सिस्कनांमध्ये आणखी एक माजी व्यापारी होता. मेक्सिकोच्या फेलिपे यांना त्यांच्या वडिलांनी व्यापारासाठी मनिलाला पाठविले होते. तेथे प्रथम ते चैनीत रमले आणि नंतर फ्रान्सिस्कन झाले. गुरुदीक्षेसाठी मायदेशी जात असताना ते सान फेलिपे जहाजावर होते. पृथ्वीच्या दोन टोकांचे, वसईचे आणि मेक्सिकोचे, दोन माजी व्यापारी एकाच टेकडीवर एकत्र आले.

५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर सव्वीस क्रूस मांडून ठेवले होते. बंधू गोन्सालो सर्वांत पुढे होते. आपला क्रूस कोणता हे त्यांनी विचारून घेतले, त्यापुढे गुडघे टेकले आणि त्याला मिठी मारली, असे परंपरा सांगते. भाल्यांनी त्यांचे शरीर भेदले गेले. त्यांचे वय तेव्हा चाळीसच्या आसपास होते. सव्वीस जणांपैकी अनेकांनी क्रूसावरून स्तुतिगीते गायिली आणि आपल्या मारेकऱ्यांना क्षमा केली.

काय उरले?

हिदेयोशी पुढच्याच वर्षी, सप्टेंबर १५९८ मध्ये, मरण पावला. कोरियातून सैन्य रिकाम्या हाताने परतले. मागे राहिलेला मुलगा पाच वर्षांचा होता. १६१५ साली ओसाकाचा किल्ला पडला, त्या मुलाने स्वतःचा जीव दिला आणि त्या घराण्याची सत्ता संपली. सोन्याची ती खोलीही नष्ट झाली. वसईतील पोर्तुगीज सरदारांचे वाडे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला जिंकल्यावर हळूहळू पडत गेले. आज त्यांच्या भिंतींतून वडाची मुळे उतरलेली आपण पाहतो.

बंधू गोन्सालो यांना १६२७ साली पोप आठवे अर्बन यांनी धन्यवादित घोषित केले आणि ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी त्या सव्वीस जणांना संतपद बहाल केले. भारतात जन्मलेले ते पहिले संत होत. जपानमध्ये पुढे अडीचशे वर्षे ख्रिस्ती धर्मावर बंदी राहिली. तरीही १८६५ साली नागासाकीत या सव्वीस रक्तसाक्षींच्या नावाने नव्याने बांधलेल्या ओउरा चर्चमध्ये काही शेतकरी स्त्री-पुरुष आले आणि त्यांनी धर्मगुरूला हळूच सांगितले की आमचा विश्वास तोच आहे. त्यांच्याजवळ चर्च नव्हते आणि धर्मगुरू नव्हते. आजी-आजोबांनी नातवंडांना सोपविलेला विश्वास तेवढा होता, आणि तो सात पिढ्या पुरला. १९६२ मध्ये निशिझाका येथे सव्वीस रक्तसाक्षींचे कांस्यशिल्प उभारले गेले. त्यात आपला वसईकरही उभा आहे.

आपल्यासाठी बोध

लूकलिखित शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायात एक मनुष्य प्रभू येशूकडे येतो आणि आपल्या भावाला वतन वाटून द्यावयास सांगा अशी विनंती करतो. प्रभू न्यायाधीश होण्यास नकार देतो आणि कोठारे मोडून मोठी कोठारे बांधू पाहणाऱ्या, पण त्याच रात्री मरण पावणाऱ्या धनवानाचा दाखला सांगतो. बदनापूरच्या धाकट्या भावाने आम्हांस जे मागितले ते नेमके हेच होते. न्याय्य हिस्सा मागणे गैर नाही, हे आम्ही त्याला सांगितले. त्यासाठी कायदा आहे आणि वकील आहेत. आम्ही त्याला एक प्रश्न मात्र विचारला. तो हिस्सा उद्या पूर्ण मिळाला, तर तुला नेमके काय मिळेल? तो बराच वेळ गप्प राहिला. मग त्याने सांगितले की थोरल्याने लहानपणापासून आपल्याला कधी विचारात घेतले नाही. त्याची भूक पैशाची नव्हती. भाऊ हवा असलेला मनुष्य हिशेब मागत बसला होता.

आम्ही धर्मगुरूही यातून सुटलेलो नाही, हे प्रामाणिकपणे कबूल केले पाहिजे. चर्च अधिक मोठे व्हावे, फेस्ताला गर्दी अधिक असावी, देणगीदारांच्या फलकावर आकडा मोठा दिसावा, असा मोह आम्हांसही होतो. त्या वेळी आम्हीही विसरतो की मुळात आम्हांस काय हवे होते.

म्हणून संत गोन्सालो यांच्या जीवनातून आपण केवळ क्रूस घेऊ नये, मनिला येथील तो निर्णयही घ्यावा. प्रत्येकाला सर्व सोडून मठात जाण्याचे पाचारण नसते. शेतकऱ्याने शेत करावे, व्यापाऱ्याने व्यापार करावा, मोबदला मिळाला असेल त्याने तो मुलाबाळांसाठी शहाणपणाने वापरावा. मात्र वर्षातून एकदा तरी, आणि विशेषतः प्रायश्चित्तकाळात, स्वतःला विचारावे की मी जे गोळा करीत आहे ते कोणत्या उणिवेच्या जागी ठेवीत आहे. ती उणीव सापडली की पुरे कशाला म्हणावे हे कळते, आणि जेथे पुरे म्हणता येते तेथे सुखाला बसावयास जागा होते.

त्या घरातील दावा अजून मिटलेला नाही. थोरल्या भावाला आम्ही भेटणार आहोत. आईच्या पंगतीसाठी वाचकांनीही प्रार्थना करावी.

हे संत गोन्सालो, तू व्यापार जाणलास आणि त्याग जाणलास. आमच्या घरांतील भिंतींकडे पाहा. आम्हांला आमची खरी भूक ओळखण्याची कृपा प्रभूकडून मिळवून दे, आणि भावाभावांना पुन्हा एका ताटाशी आण. आमेन.